गुलमर्गचा बर्फ, नौपाड्यातलं एडिट टेबल : एका प्री-वेडिंग शूटचा प्रकरण अभ्यास

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका जोडप्यानं लग्नाआधीचा चार मिनिटांचा गाण्याचा व्हिडिओ बर्फात करायचं ठरवलं. जागा गुलमर्ग, महिना जानेवारी, शूटिंगचे दिवस दोन. काम ठाण्यातल्या दोघांच्या टीमकडे होतं: एक कॅमेऱ्यावर, एक मदतीला. सामान नेहमीचंच. ८-बिट रेकॉर्डिंग करणारी फुल-फ्रेम मिररलेस बॉडी, २४-७० एफ/२.८ आणि ८५ एफ/१.८ अशा दोन लेन्स, जास्तीत जास्त ५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) उजेड कापणारा, फिरवून कमीजास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी फिल्टर, चार बॅटऱ्या, चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा गिंबल आणि हलका ट्रायपॉड. हेच सामान उपवन तलावावर, येऊरच्या पायथ्याशी आणि नवी मुंबईत पाम बीच रोडलगत कित्येकदा वापरून झालेलं.

पहिल्या दिवसाचं फुटेज संध्याकाळी हॉटेलच्या टीव्हीवर लावल्यावर होणाऱ्या नवरीनं विचारलं, "दादा, आपण होतो तिथं बर्फ पांढरा होता ना? इथं सिमेंट का दिसतंय?"

प्रश्न रास्त होता. सकाळच्या क्लिपांत बर्फ राखाडी आणि चेहरे काळवंडलेले. दुपारच्या क्लिपांत चेहरे ठीक, पण बर्फ इतका उडालेला की दोघं कोऱ्या कागदावर उभी असल्यासारखी. चालण्याच्या शॉटमध्ये हालचाल झटक्याझटक्यानं होणारी. सावलीतला बर्फ गडद निळा, आणि एकाच शॉटमध्ये कॅमेरा फिरवताना तो निळ्याचा पिवळसर होताना दिसत होता. जेवणानंतरच्या सगळ्या क्लिपांवर धुकट साय. चारपैकी दोन बॅटऱ्या दुपारी बारालाच लाल.

ही यादी वाचून कॅमेऱ्यावरच्या माणसाला दोष देणं सोपं आहे. पण एकेका दोषाचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वाटा गुलमर्गऐवजी ठाण्यातच पोचतात: बॅग भरताना आणि मेन्यू लावताना.

उजेडाचं गणित

फिल्मच्या काळातला जुना नियम अजून चालतो. भर उन्हात अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/१६ ठेवलं, तर शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळण्याचा सेकंदातला वेळ, १ भागिले आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता). टीमनं एस-लॉग ३ (उजेड-सावलीचा मोठा पट्टा साठवणारं फिकट रेकॉर्डिंग प्रोफाइल, पुढे नुसतं लॉग) लावलं होतं आणि या बॉडीत ते ८०० आयएसओच्या खाली उतरत नाही. म्हणजे एफ/१६ ला शटर १/८००. आता २५ फ्रेमच्या व्हिडिओला हालचाल नैसर्गिक दिसायची तर शटर १/५० हवं. १/८०० वरून १/५० म्हणजे सोळा पट उजेड, चार स्टॉप. तो अॅपर्चरनं कापायचा तर एफ/६४ लागेल. असं अॅपर्चर या लेन्सवर नसतंच. शिवाय टीमला मागची झाडं विरघळलेली हवी होती, म्हणून एफ/२.८. एफ/६४ पासून एफ/२.८ पर्यंत मोजत या: ४५, ३२, २२, १६, ११, ८, ५.६, ४, २.८. नऊ स्टॉप. हातात एनडी पाच स्टॉपचा. उरलेले चार स्टॉप कॅमेऱ्यानं मुकाट्यानं शटरमधून कापले. शटर ऑटोवर होतं ना! झटक्यांची हालचाल तिथून आली. नवरदेवानं उधळलेला बर्फ भुरभुरत खाली येण्याऐवजी साबुदाण्याच्या दाण्यांसारखा हवेत थिजलेला दिसतो, त्याचंही कारण हेच.

मग हाच संच ठाण्यात कसा चालायचा? ऊन काही गुलमर्गला वेगळ्या कारखान्यातून येत नाही. उंचीवरची स्वच्छ हवा आणि बर्फाची चमक यानं थोडा फरक पडतो, पण हे गणित ठाण्याच्या भर दुपारीही असंच आहे. खरी गोष्ट अशी की ठाण्यात भर दुपारी कुणी प्री-वेडिंग शूट करतच नाही. सकाळी सात ते साडेआठ, नाहीतर साडेपाचनंतर. तेव्हा उजेड तीन-चार स्टॉप खाली असतो, वर आकाशात धुरकट पडदा असतो, आणि पाच स्टॉपचा एनडी कसाबसा पुरतो. गुलमर्गला जानेवारीत बाराचं ऊन अंगाला सुखाचं लागतं, म्हणून दिवसभर शूट चालतं. उन्हाचा त्रास माणसाला होत नाही तेव्हा कॅमेऱ्याला होत असेल हे ध्यानातच येत नाही.

मीटर काय समजतो

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोर जे दिसेल ते सरासरी १८ टक्के उजेड परतवणारं, म्हणजे मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतो. रस्ता, झाडं, कपडे, माणसं यांची मिसळ असली की हा अंदाज बरोबर येतो. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. ९० भागिले १८ म्हणजे पाच पट; स्टॉपमध्ये सव्वादोनहून थोडं जास्त. फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग बर्फानं भरला की मीटर तेवढाच उजेड कमी करतो आणि बर्फाला मधल्या राखाडीवर आणून ठेवतो. म्हणून सिमेंट. सकाळच्या क्लिपांत शटर १/३२०० च्या आसपास गेलेलं सापडलं, ते असं: चार स्टॉप एनडीच्या कमतरतेचे आणि दोन मीटरच्या गैरसमजाचे.

आकड्यांत पाहू. एस-लॉग ३ मध्ये १८ टक्के राखाडी वेव्हफॉर्मवर (उजेड टक्क्यांत दाखवणाऱ्या आलेखावर) ४१ टक्क्यांना बसतो आणि ९० टक्के पांढरा ६१ ला. सकाळच्या क्लिपांत उन्हातला बर्फच ४१ च्या आसपास होता. गव्हाळ चेहरा मधल्या राखाडीच्या जवळपास असतो. तो त्यामुळे पंचविशीत गेला, आणि सूर्याकडे पाठ केलेल्या शॉटमध्ये त्याच्याही खाली. लॉगमध्ये हे चालेल, नंतर उचलू, असं म्हणतात. १०-बिटमध्ये काही अंशी चालतं. ८-बिटमध्ये सगळ्या पट्ट्याला मिळून २५६ पायऱ्या. त्यातल्या तळाच्या मूठभर पायऱ्यांवर चेहरा कोंबला की उचलताना गालांवर चट्टे येतात आणि निळ्या आकाशात पट्टे पडतात.

दुपारी उलटं घडलं. स्क्रीन काळी दिसतेय म्हणून लॉग सोडून साधं स्टँडर्ड प्रोफाइल लावलं आणि डोळ्याला ठीक वाटेपर्यंत एक्स्पोजर चढवलं. ती स्क्रीन काळी नव्हतीच. भोवती चकाकता बर्फ असताना डोळ्याची बाहुली आकसलेली असते आणि एलसीडीचा उजेड त्यापुढे काहीच नाही. बरोबर एक्स्पोजरही अंधारं वाटतं. त्यात पोलराइज्ड गॉगल. एलसीडीवर स्वतःचा पोलरायझर असतो, तो आणि गॉगल आडवे आले की एका कोनात स्क्रीन पार काळी होते. मान तिरकी केली की उजळते. हे ज्याला माहीत नाही तो उगाच डायल फिरवत बसतो. लॉगमध्ये नीट मोजलेल्या बर्फाच्या वर अजून तीन-साडेतीन स्टॉप जागा असते; स्टँडर्डमध्ये जवळजवळ काही नसते. म्हणजे चढवायचंच होतं तर सकाळी लॉगमध्ये चढवायला हवं होतं, आणि दुपारी स्टँडर्डमध्ये हात आखडता घ्यायला हवा होता. झालं नेमकं उलट.

बर्फात एक्स्पोजर डोळ्यानं ठरवू नये, आकड्यानं ठरवावं. स्क्रीनऐवजी व्ह्यूफाइंडर. झेब्रा, म्हणजे ठरवलेल्या टक्क्यांच्या उजेडावर दिसणारे तिरके पट्टे, दोन वेगवेगळ्या कामांसाठी लावायचा: एक ५५ टक्क्यांच्या आगेमागे, चेहऱ्यासाठी, दुसरा ९५ आणि त्यावर, बर्फासाठी. पुस्तकांत चेहऱ्याला ७० चा झेब्रा सांगतात, तो गोऱ्या कातडीच्या उजळ भागाचा आहे. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याला स्टँडर्ड प्रोफाइलमध्ये ५० ते ६० योग्य. ९५ चा झेब्रा बर्फाच्या कणांवर, चमकणाऱ्या टोकांवर ठिपक्यांसारखा आला तर खुशाल येऊ द्या. त्याचा सलग पट्टा झाला की पोत गेला. लॉग वापरत असाल तर उन्हातला बर्फ साधारण ७० आणि चेहरा ५० च्या आसपास ठेवला की दोन्हीकडे सुरक्षित. आणि हे एकदा जमलं की शटर, अॅपर्चर, आयएसओ तिन्ही मॅन्युअलवर बंद. ढग आला तर पुन्हा मोजायचं, कॅमेऱ्यावर सोपवायचं नाही.

दुसऱ्या दिवसाचा तोडगा

गुलमर्गला रात्री नऊ वाजता नऊ स्टॉपचा एनडी कुठून आणणार? उपाय मेन्यूत होता. लॉग सोडलं आणि स्टँडर्ड प्रोफाइलचा कॉन्ट्रास्ट खाली ओढून आयएसओ १०० वर आणलं की तीन स्टॉप तिथंच सुटतात. आयएसओ १००, शटर १/५०, भर ऊन: एफ/२२. चार स्टॉप एनडी लावला की एफ/५.६. पाचवा स्टॉप मुद्दाम वापरला नाही, कारण व्हेरिएबल एनडी शेवटच्या टोकाला गेला की रुंद लेन्सवर फ्रेममध्ये काळपट फुली उमटते. हा फिल्टर म्हणजे दोन पोलरायझर एकमेकांवर. त्यामुळे २४ मिलिमीटरला निळं आकाशही एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकं येतं. शक्यतो ३५ च्या पुढे राहायचं, चार स्टॉपवर थांबायचं.

एफ/२.८ न मिळाल्याची हळहळ टीमला होती. ती नसावी. बर्फाच्या मैदानात पार्श्वभूमी विरघळवून मिळतं काय? पांढऱ्यामागे पांढरा धूर. एफ/५.६ ला मागच्या सूचिपर्णी झाडांच्या कडा ओळखू येतात आणि गुलमर्ग हे गुलमर्ग वाटतं. उलट बाजूला एफ/१६, एफ/२२ वर जाऊन एनडी वाचवणं चुकीचं: डिफ्रॅक्शननं चित्र मऊ पडतं, आणि सेन्सरवर ठाण्याहून आलेली धूळ स्वच्छ बर्फावर काळ्या ठिपक्यांत उमटते. हिरव्यागार येऊरमध्ये ते ठिपके वर्षभर लपलेले असतात.

दुसरा बदल उभं राहण्याच्या जागेत. बर्फ हा खालून लावलेला प्रचंड रिफ्लेक्टर आहे. सूर्य पाठीमागे तिरका ठेवला तरी चेहऱ्यावर इतका उजेड परत येतो की वेगळा फोमबोर्ड लागत नाही. ऊन आणि सावली यांतला फरक एरवीपेक्षा बराच कमी होतो. मात्र खालून येणाऱ्या उजेडानं हनुवटीखालची सावली पुसली जाते, चेहरा चपटा आणि फुगीर दिसतो. यावर औषध उजेड वाढवण्याचं नाही, कमी करण्याचं: काळी छत्री किंवा काळं कापड फ्रेमच्या जरा बाहेर, चेहऱ्याच्या एका बाजूला. मदतनिसानं साधी काळी छत्री धरली आणि गालाचं हाड परत दिसू लागलं.

वेळही बदलली. जानेवारीत काश्मीरमध्ये सूर्योदय साडेसातच्या पुढे आणि सूर्यास्त पावणेसहाच्या सुमाराला. उगवल्यानंतरचे दोन-अडीच तास आणि तीननंतरचा काळ आडव्या उजेडाचा. त्यातच बर्फाच्या लाटा, खाचा, पावलांचे खड्डे दिसतात. बाराला तोच बर्फ प्लास्टर मारलेल्या भिंतीसारखा सपाट. दुपारचा वेळ झाडांत जवळचे शॉट घेण्यात घालवला.

पावलं

बर्फातल्या शूटमधली सगळ्यात महागडी गोष्ट कॅमेऱ्यात नसते. कोरा बर्फ एकदाच मिळतो. पहिल्या दिवशी मदतनीस फ्रेम बघायला पुढे चालत गेला, ट्रायपॉडसाठी तिघं फिरले, आणि "कोऱ्या बर्फात पहिलं पाऊल" हा गाण्याचा पहिलाच शॉट एका तुडवलेल्या मैदानात घ्यावा लागला. नंतर पावलं पुसायला निघालेले लोक ती जागा आणखी बिघडवतात. क्रम असा हवा: आधी सर्वांत रुंद, कोरा शॉट, मग मध्यम, जवळचे शेवटी. कॅमेऱ्याच्या मागेच सगळ्यांची एक पायवाट ठरवायची आणि कुणीही, अगदी घाई असली तरी, ती सोडायची नाही. चालण्याच्या शॉटचा सराव बाजूच्या पट्ट्यात, कोऱ्या पट्ट्यात एकच टेक. गुलमर्गच्या मुख्य मैदानात घोडे, स्लेज आणि पर्यटक यांनी दहापर्यंत सगळं नांगरलेलं असतं. गोंडोलाच्या (रोपवेच्या) पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीला गेलं तरी गर्दी आधी पोचलेली असते. कडेच्या झाडांमागे शंभर-दीडशे पावलं चाललं की कोरा तुकडा मिळतो. पण खुणा केलेल्या हद्दीबाहेर उतारावर जायचं नाही. तिथं हिमस्खलन होतं, आणि तुमच्या शॉटसाठी ते थांबत नाही.

ट्रायपॉड बर्फात खचतो, हे सगळ्यांना कळतं. खचताना पाय बाहेर फाकतात आणि वरच्या सांध्यावर ताण येऊन तो तडकतो, हे कमी जणांना. पाय पूर्ण फाकवण्याआधी थोडे जवळ ठेवून दाबून बसवायचे, किंवा पायांखाली वीतभर रुंदीचे प्लायचे तीन तुकडे.

कपडे आणि रंग

नवरीचा पांढरा गाऊन, नवरदेवाचा काळा सूट. फोटोतून आलेली ही कल्पना व्हिडिओला फार जड जाते. बर्फाशेजारी हस्तिदंती सॅटिन पिवळट, मळकं दिसतं. नुसता बर्फ नीट आला तरी गाऊनची कड त्यात हरवते. काळ्या सूटचं दुखणं वेगळं. एनडी फिल्टर दिसणारा उजेड कापतो, पण साध्या एनडीतून अवरक्त उजेड बराच सुटून येतो. जोरकस एनडी लावला की काही कृत्रिम धाग्यांचं काळं कापड तपकिरी-मरून झाक मारतं. फिक्स एनडी घेताना अवरक्त कापणारा घ्यावा, त्याची किंमत इथं वसूल होते.

दुसऱ्या दिवशी गाऊन झाडांच्या गडद खोडांसमोर नेला आणि मोकळ्या बर्फात नवरीनं मोरपंखी पैठणी नेसली, आत दोन थर्मल. चित्र लगेच उभं राहिलं. मोरपंखी, मरून, हळदी पिवळा, राणी: आपल्या कपाटातलेच रंग बर्फावर सर्वांत सुंदर येतात, तरी प्रत्येक जोडपं पांढरा गाऊन का घेऊन येतं कोण जाणे.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची सेटिंग) ऑटोवर ठेवला की शॉटमध्ये निळं आकाश जास्त आलं की एक, माणसं जास्त आली की दुसरा, असा रंग चालता चालता बदलतो. उन्हात ५६०० केल्विनवर बंद करायचा. ढगाळ असेल तर ६५०० च्या आसपास. सावलीतल्या बर्फाला उजेड फक्त निळ्या आकाशाचा मिळतो, तो ८००० च्या वर. म्हणून तिथं निळा दिसणारच. त्या बर्फावरून बॅलन्स घेतला तर सावली पांढरी होते आणि उन्हातला बर्फ पिवळा. थोडी निळी सावली राहू द्यावी. ती पूर्ण काढली की बर्फ जुन्या मखरातल्या थर्माकोलसारखा दिसतो.

घाम

जेवणानंतरची धुकट साय. उणे पाचला तीन तास फिरलेला कॅमेरा थेट बुखारी (काश्मिरी शेगडी) पेटवलेल्या जेवणघरात आणला, टेबलावर ठेवला. शेजारी वाफाळता कहवा, वीस माणसांचे श्वास. २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत दवबिंदू सुमारे ९ अंश असतो. म्हणजे ९ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार. ठाण्यात मे महिन्यात थंड ताकाचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरून ओला होतो, तसाच कॅमेरा ओला झाला. काच रुमालानं पुसली. पण एनडीच्या दोन काचांमध्ये आणि फिल्टर-लेन्सच्या मधल्या पोकळीत रुमाल जात नाही. बाहेर आल्यावर तिथलं पाणी गोठलं, एनडीची कडी अडकली, आणि दोन तास सगळं चित्र मऊ.

उपाय पन्नास रुपयांचा आहे: मोठी झिपची पिशवी. कॅमेरा बाहेर थंडीत असतानाच पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची, झिप लावायची, मग आत जायचं. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. तास-दीड तास, सामान खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. कार्ड आणि बॅटरी हवी असेल तर पिशवीत घालण्याआधी काढून घ्यायची. इथंच सगळे फसतात, आणि फुटेज बघायच्या उत्सुकतेनं पिशवी उघडतात. अर्ध्या तासाच्या जेवणासाठी तर कॅमेरा आत आणूच नये; पिशवीत घालून गाडीच्या थंड डिकीत, मदतनिसाच्या नजरेखाली. जॅकेटच्या आत कवटाळून फिरणंही वाईट, आत घामाची दमट हवा असते. काचेवर बर्फाचे कण पडले तर ब्लोअर किंवा मऊ ब्रश. तोंडानं फुंकर मारली की वाफ गोठते.

बॅटऱ्यांचं मात्र उलट आहे. त्या अंगाजवळच हव्यात. थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेरा व्होल्टेज पडलं म्हणून बंद पडतो. चार्ज संपलेला नसतो. लाल झालेली बॅटरी आतल्या खिशात वीस मिनिटं ठेवली की पुष्कळदा परत काम देते. एक कॅमेऱ्यात, तीन आतल्या खिशात, अशी फिरती. मैदानात फेरन (काश्मिरी झगा) भाड्यानं देणारे कांगडीही (निखाऱ्यांची टोपली) देतात. बोटं शेकायला ती उत्तम, पण बॅटरी निखाऱ्याजवळ नेऊ नये. शून्याखालच्या बॅटरीला पॉवर बँक लावून चार्ज करू नये, आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची बिघडते. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांवर चिकटपट्टी लावून. चेक-इन सामानात चालत नाहीत.

ऑटोफोकस हिमवर्षावात जवळच्या भुरभुरीवर उडी मारतो आणि सपाट बर्फावर तर त्याला धरायला काहीच नसतं. विषय बदलण्याची संवेदनशीलता कमी करावी, चेहरा लहान असेल तर मॅन्युअल, पीकिंगचा (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवण्याचा) रंग लाल. पांढरं पीकिंग बर्फावर दिसेल कसं?

डोळ्यांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, अफरवट डोंगरावरचं वरचं गोंडोला स्टेशन ३,९०० च्या पुढे. कॅमेऱ्यावरचा माणूस एक डोळा व्ह्यूफाइंडरला लावतो आणि दुसरा उघडा ठेवतो. संध्याकाळी त्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन पाणी वाहतं. तो बुबुळाचा सनबर्न आहे. गॉगल पोलराइज्ड नसलेला, अतिनील अडवणारा घ्यावा, शॉट संपताच चढवावा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही. ऊन खालूनही येतं.

नौपाड्यात

ठाण्यातल्या नौपाड्यात एडिट टेबलावर सकाळच्या क्लिपांपैकी उन्हात समोरून घेतलेल्या वाचल्या: दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (लॉगला नेहमीच्या रंगांत आणणं), त्याआधीच्या नोडवर (पायरीवर) दोन स्टॉप वर, मग नॉइज रिडक्शन (दाणे कमी करणं). ते मोफत आवृत्तीत नाही, पैसे भरलेल्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. पाठीमागून सूर्य असलेल्या क्लिपांत चेहऱ्यांवर ट्रॅक केलेली (चेहऱ्याबरोबर सरकणारी) विंडो लावूनही चट्टे राहिले; त्या दोघांच्या आकृत्या म्हणून, मुद्दाम काळ्याच ठेवून वापरल्या. दुपारच्या उडालेल्या बर्फाला काहीच करता येत नाही. पांढरा खाली ओढला की पोत न येता फक्त राखाडी रंग येतो. ते शॉट कापून जवळ आणले, बर्फ फ्रेमबाहेर घालवला. १/३२०० च्या चालण्याला स्टुडिओतला मोशन ब्लर लावून पाहिला. पायांच्या कडा फाटल्यासारख्या दिसू लागल्या, काढून टाकला, आणि त्या क्लिपा ५० टक्के वेगानं, कमी हालचालीच्या जागी बसवल्या. गाण्याचा बहुतेक भाग दुसऱ्या दिवसावरच उभा राहिला.

परतल्यावर आणखी एक दुखणं दिसलं. बॅगेचा फोम बर्फाच्या पाण्यानं दमट होता, आणि ती तशीच मिटून लॉफ्टवर जाणार होती. ठाण्यात आर्द्रता साठ-पासष्टच्या वर जायला पावसाळ्याचीही गरज नाही, आणि त्याच हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. फोम दोन दिवस पंख्याखाली, लेन्स ४० ते ५० टक्क्यांवर ठेवलेल्या ड्राय कॅबिनेटमध्ये. कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा हायग्रोमीटर.

पुढच्या बर्फाच्या कामाआधीची तालीम ठाण्यातच होऊ शकते, आणि तिला अर्धा दिवस पुरतो. इमारतीच्या गच्चीवर डिसेंबरात दुपारी बाराला पांढरी डबल बेडशीट जमिनीवर, दुसरी मागे दोरीवर. मध्ये मरून कपड्यातला माणूस. मीटरवर सोडून एक क्लिप घ्या, चादर राखाडी येईल; मग झेब्र्यावर, शटर १/५० ला बंद करून दुसरी. एफ/५.६ ला किती स्टॉप एनडी लागला तो आकडा लिहून ठेवा. ८०० आयएसओच्या लॉगसाठी तो सातच्या जवळ निघेल, म्हणजे सहा स्टॉपचा फिक्स एनडी विकत घ्यायचा आणि एफ/८ वर राहायचं, किंवा आयएसओ १०० वर उतरायचं. व्हाइट बॅलन्स मात्र चादरीवरून घेऊ नका, डिटर्जंटमधली नीळसर चमक फसवते. राखाडी कार्ड न्या. तिथंच लोकरी हातमोजे घालून सगळी बटणं दाबून पाहा. मोज्यांत सापडत नाही ते बटण त्याच दिवशी कस्टम बटणावर हलवा आणि टचस्क्रीन बंद करा. गच्चीवर उकडेल, तरी मोजे काढू नका.